बालवर्गातल्या मुलांची चंचलता: काळजी कधी करायची, नोंद कशी ठेवायची

आमच्या वर्गात रोज सकाळी एक खेळ होतो. मी खंजिरी वाजवते, मुलं वर्गभर नाचतात, आणि खंजिरी थांबली की सगळ्यांनी जिथल्या तिथे पुतळा व्हायचं. गेली २२ वर्षं मी साडेतीन ते सहा वयाच्या मुलांना शिकवते आहे. एखाद्या मुलाबद्दल या खेळातून मला जेवढं कळतं, तेवढं प्रवेशाच्या अर्जातून कधीच कळत नाही. पहिल्या आठवड्यात कुणालाच थांबता येत नाही. महिनाभरात बहुतेकांना दोन-तीन सेकंद तरी जमायला लागतं. कुणी एका पायावर डुगडुगत उभं राहतं, कुणी गालात हसू दाबून धरतं.

एखादं मूल मात्र असं असतं की त्याला थांबायचं कळतं, थांबायची इच्छाही असते, पण अंग ऐकत नाही. काही वर्षांपूर्वी असा एक मुलगा माझ्याकडे होता, साडेचार वर्षांचा. खंजिरी थांबली की तो दोन्ही मुठींत स्वतःची चड्डी घट्ट पकडायचा, ओठ आवळायचा, आणि तरी त्याची पावलं चालतच राहायची. चालता चालता मला विचारायचा, "ताई, मी थांबलोय ना?"

अशा मुलाला कुणी 'द्वाड' म्हटलं की मला फार लागतं. तो मुद्दाम करत नव्हता. म्हणून पालकांना आणि नव्याने शिकवायला आलेल्या ताईंना मी सगळ्यात आधी हे सांगते, की मूल किती पळतं ते मोजत बसू नका. लहान मूल पळणारच. थांबायची वेळ आली की त्याला थांबता येतं का, आणि महिन्यामागून महिने ते थांबणं वाढतंय का, यावर नजर ठेवा. आणि जे दिसेल ते लिहून काढा. पुढे जे सांगणार आहे, ते बरंचसं या लिहिण्याबद्दलच आहे.

आधी वयाचा हिशेब

तीन वर्षांचं मूल अर्ध्या गोष्टीतून उठून जातं, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं ओढतं, आपली पाळी यायची वाट बघत नाही. त्या वयात हे चालायचंच. साडेचार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र आवडती गोष्ट बसून ऐकता येते, घसरगुंडीच्या रांगेत दोघा-तिघांमागे उभं राहता येतं, 'आधी बूट घाल, मग दप्तर घे' हे दोन्ही लक्षात राहतं. रोज जमेल असं नाही, दमलेलं असलं तर अजिबात जमणार नाही, पण जमतं. म्हणून तीन वर्षांच्या मुलाबद्दल कुणी विचारलं तर मी बहुतेक वेळा 'लक्ष ठेवा' एवढंच म्हणते. चारच्या पुढे मात्र 'मोठा झाला की सुधारेल' या धीरावर वर्षं घालवू नयेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ साली एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या अतिचंचलतेच्या विकाराच्या, तपासणीचं किमान वय ६ वरून ४ वर्षांवर आणलं, आणि २०१९च्या सुधारित सूचनांतही ते तसंच ठेवलं.

वयाबद्दल आणखी एक. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाला सगळ्यात आधी 'चंचल' ठरवलं जातं. वर्गात ११ महिन्यांनी मोठी मुलं असतात, आणि या वयात ११ महिने म्हणजे फार मोठं अंतर. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हे आकड्यांत दिसलं. जिथे शाळाप्रवेशासाठी वयाची मर्यादा १ सप्टेंबर होती, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सर्वांत लहान असलेल्या मुलांमध्ये एडीएचडीचं निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त होतं. तेव्हा तुलना करायची तर जन्मतारीख बघून, आसपासच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांशी करा.

मग खटकायला हवं ते काय? पाच मिनिटांत पाच खेळणी हातात घेतली आणि एकाशीही खेळ झाला नाही, असं रोज दिसलं तर. उंचावरून उडी मारताना, रस्त्याकडे धावताना मागे-पुढे काही बघत नाही, एकदा लागलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, असं असेल तर. नाव घेतलं, डोळ्यांत बघून सांगितलं, आणि दाराशी पोहोचेपर्यंत सांगितलेलं विरून गेलं, असं सतत होत असेल तर. या मुलांचा हात लागतो तो बहुधा रागाने नसतो, घाईने असतो. चेंडू हवा असतो आणि मध्ये एक मूल उभं असतं, एवढंच. पण त्या दुसऱ्या मुलाला ते कसं कळणार? हळूहळू 'मला याच्या शेजारी नको' असं ऐकू यायला लागतं. माझ्या दृष्टीने धोक्याची सगळ्यात मोठी खूण हीच. पळणं, बडबड, सांडलवंड मोठ्यांना सोसता येते. खेळायला कुणी घेत नाही हे चार वर्षांच्या जिवाला सोसत नाही.

वही

साधी शंभर पानी वही घ्या. दोन आठवडे, दिवसातल्या ठरलेल्या तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. वेळा अशा निवडा की एकीत मुलाला बसावं लागतं, एकीत ते मोकळं खेळतं, आणि एकीत एक काम टाकून दुसऱ्याकडे वळायचं असतं, जसं बाहेरून आत येणं किंवा कपडे बदलणं. शेजारी घड्याळ ठेवा. मिनिटं अंदाजाने लिहू नका, कारण वैतागलेल्या माणसाला दोन मिनिटं दहा वाटतात.

आता लिहायचं कसं? एका आईने मला तिची वही दाखवली होती, त्यात पहिल्या पानावर होतं: 'सोमवार. आज फार त्रास दिला.' तिची दमणूक मला त्यातून कळली, पण मुलाबद्दल काहीच कळलं नाही. त्याच दिवसाची, त्याच मुलाची माझी नोंद अशी होती:

'सोमवार, सकाळी ९.१०. गोल बसून गोष्ट. २ मिनिटांनी उठला, खिडकीशी गेला. नावाने हाक मारली, आला. १ मिनिटात पुन्हा उठला. शेजारणीची वेणी ओढली, ती रडली, हा गोंधळला. गोष्टीत वाघ आल्यावर धावत परत. शेवटची ४ मिनिटं बसून ऐकलं, वाघाचा आवाज काढला.'

आणि दुसऱ्या दिवसाची:

'मंगळवार, ११.२०. रंगकाम. एक रेघ मारून उठला. ब्रश धुवायच्या भांड्याकडे. या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात, ११ मिनिटं एका जागी. हाक मारली, ऐकू आली नाही. खांद्यावर हात ठेवल्यावर वळला.'

बघा, यात 'हट्टी', 'आगाऊ', 'लक्षच नाही' असा एकही शब्द नाही. आधी काय चाललं होतं, त्याने काय केलं, किती वेळ, आणि नंतर काय झालं, एवढंच आहे. आणि जमलं तेही लिहिलेलं आहे. वाघाची चार मिनिटं आणि पाण्याची अकरा मिनिटं ही त्या दोन पानांवरची सर्वांत मोलाची माहिती. याचं लक्ष लागतं, पण ते त्याच्या ताब्यात नाही, हवं तिथे वळवता येत नाही, हे त्यातून दिसतं. पालक नेहमी म्हणतात, "मोबाइल दिला की तासभर हलत नाही, मग लक्ष कसं नाही म्हणता?" पडद्यावर दर क्षणाला काहीतरी नवं घडत असतं, तिथे मुलाला लक्ष धरून ठेवावं लागतच नाही. त्यामुळे पडद्यासमोरचा वेळ या नोंदींत धरू नका.

वर्गात शिकवणाऱ्यांनी आणखी एक करावं. त्याच दहा मिनिटांत त्याच वयाच्या दुसऱ्या एका मुलाचीही नोंद ठेवावी. 'हा सात वेळा जागेवरून उठला' याला तेव्हाच अर्थ येतो, जेव्हा दुसरं मूल किती वेळा उठलं ते माहीत असतं. कधी ते दुसरं मूलही सहा वेळा उठलेलं असतं. मग चूक गोष्टीत असते, किंवा गोष्ट फार लांबवणाऱ्या माझ्यात.

घर आणि शाळा, दोन्हीकडच्या वह्या हव्यात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली ठरवलेल्या एडीएचडीच्या निकषांत लक्षणं दोन किंवा जास्त ठिकाणी, किमान ६ महिने दिसायला हवीत आणि त्यांच्यामुळे मुलाचं अडायला हवं, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. मूल फक्त वर्गात सैरभैर होत असेल तर आधी वर्ग तपासा. गर्दी आहे का? सारखं बसवून ठेवतो का? फक्त घरी होत असेल तर घरात अलीकडे काय बदललं ते बघा. त्या निकषांतली लक्ष न टिकण्याची ९ आणि अतिचंचलतेची ९ अशी लक्षणांची यादी उघडून घरी खुणा करत बसू नका, हेही कळकळीने सांगते. त्यातली कितीतरी वाक्यं मोठ्या, अभ्यास करणाऱ्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली आहेत.

दुसरं काही नाही ना?

हे लिहिताना मला आजही जड जातं. नोकरीच्या सहाव्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. सांगितलेलं करायचा नाही, मध्येच उठून फिरायचा, गोष्टीच्या वेळी दुसरीकडेच बघायचा. मी त्याच्या आईला बोलावलं आणि खात्रीने सांगितलं, "हा अतिचंचल आहे, डॉक्टरांना दाखवा." ती माऊली रडत घरी गेली. चार महिन्यांनी कळलं, की त्याच्या दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठत होतं. त्याला आमचं बोलणं अर्धवटच ऐकू येत होतं. कानांवर उपचार झाले आणि मुलगा गोष्ट ऐकायला पहिल्या ओळीत येऊन बसायला लागला.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते वेगळंच. खंजिरीच्या खेळात तो रोज सगळ्यांच्या नंतर थांबायचा, आणि थांबण्याआधी इतर मुलांकडे बघायचा. आवाज बंद झाल्याचं त्याला कानांनी कळतच नव्हतं, डोळ्यांनी कळत होतं. मी ते शंभरदा पाहिलं, आणि 'उशिरा ऐकतो' असं समजून सोडून दिलं. त्या दिवसापासून मी कुणाही मुलाला नाव द्यायचं सोडलं. मी दिसलं ते सांगते, नाव डॉक्टर देतात.

म्हणून एडीएचडीचा विचार करण्याआधी कानांची तपासणी करून घ्या, मूल हाकेला ओ देत असलं तरीही. डोळेही तपासा. झोपेबद्दल लिहा. रात्री घोरतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का, श्वास मध्येच अडकून दचकतं का? टॉन्सिल्स किंवा नाकामागच्या अ‍ॅडिनॉइड्सच्या गाठी वाढल्या असतील तर झोप तुटते, आणि झोप तुटलेलं लहान मूल मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, उलट भिरभिरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या सूचनांनुसार ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. ती मिळत नसेल तर बाकीचं नंतर, आधी झोप. शरीरात लोह कमी असल्यानेही लक्ष आणि झोप दोन्ही बिघडू शकतात, ते रक्ततपासणीत कळतं. भाषा उशिरा येणारं मूल गोष्टीतून उठतं, कारण त्याला गोष्ट कळत नसते. घरातली भांडणं, आजारपण, कुणाचं जाणं, नवं भावंड, यांनीही मूल महिनोन्‌महिने सैरभैर राहतं. आणि मूल चालू बोलण्यात, चालू खेळात अचानक काही सेकंद गोठल्यासारखं होत असेल, हात लावला तरी भानावर येत नसेल, तर ते स्वप्नाळूपणा म्हणून सोडू नका. तो फिटचा एक प्रकार असू शकतो. शक्य असेल तर व्हिडिओ घ्या आणि लगेच दाखवा. बोलता येत असलेले शब्द जायला लागले, तरीही दोन आठवड्यांच्या वहीसाठी थांबायचं नाही.

यातलं काही सापडलं म्हणून एडीएचडी नाहीच, असंही नसतं. दोन्ही एकत्र असू शकतात. पण जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते आधी दुरुस्त झालं, की उरलेलं स्पष्ट दिसतं.

गप्प बसणाऱ्या मुली, आणि मुलंही

ज्यांच्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, त्यांच्याकडे आवर्जून बघा. माझ्या वर्गात एक मुलगी होती, बूट काढायला बसली की एक बूट हातात धरून बसून राहायची. सगळी मुलं आत गेलेली असायची आणि ही त्या बुटाच्या बंदाकडे बघत असायची. शांत, गोड, कुणाला त्रास नाही. तिची वही मी ठेवलीच नाही. पुढे दुसरीत गेल्यावर तिच्या अडचणी उघड झाल्या. लक्ष न टिकण्याचा हा प्रकार पळापळीशिवायही असतो, आणि मुलींच्या बाबतीत तो फार उशिरा ध्यानात येतो. अशा मुलांसाठी वहीत वेळ लिहा: सुरुवात करायला किती मिनिटं, मध्ये किती वेळा थांबली, किती वेळा आठवण करून द्यावी लागली.

डॉक्टरांकडे

आधी नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. ते गरजेप्रमाणे विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे किंवा मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. सोबत दोन्ही वह्या, कानांच्या तपासणीचा अहवाल, मूल किती आठवड्यांचं आणि किती वजनाचं जन्मलं याची माहिती, आणि घरात आणखी कुणाचं बालपण असंच गेलं का, हे न्या. हा शेवटचा प्रश्न विचारला की एखादे बाबा हळूच म्हणतात, "मीही असाच होतो." त्यात लपवण्यासारखं काही नाही. एडीएचडीमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लाडाने, शिस्त कमी पडल्याने तो होत नाही. साखरेनेही होत नाही, १९९५ साली अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणात साखरेचा मुलांच्या वागण्यावर तसा परिणाम आढळला नव्हता. २००७ साली मेंदूच्या छायाचित्रणाच्या एका अभ्यासात असं दिसलं, की या मुलांच्या मेंदूचा बाह्यस्तर त्याच क्रमाने पण सुमारे तीन वर्षं उशिरा परिपक्व होतो. आजी-आजोबांना समजावताना मी हेच सांगते, मुलाची इंजिनं तयार आहेत, ब्रेक बसायला वेळ लागतोय.

रक्ताच्या चाचणीत किंवा स्कॅनमध्ये एडीएचडी दिसत नाही. कुणी एका स्कॅनवरून किंवा दहा मिनिटांच्या भेटीत शिक्का मारला, तर दुसरं मत घ्या. निदान होतं ते तुमच्याशी आणि शिक्षकांशी बोलून, प्रश्नावल्या भरून, आणि मुलाला बघून. म्हणूनच वहीचं महत्त्व. डॉक्टरांसमोर नव्या खोलीत, नव्या माणसापुढे मूल कधीकधी अर्धा तास अगदी शहाण्यासारखं बसतं.

"लगेच गोळ्या देतील" ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. शाळेत जायच्या आधीच्या वयात पहिला उपचार गोळीचा नसतो. आधी पालकांना प्रशिक्षण आणि वर्गात वागणुकीचे बदल, असंच अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं आहे. ब्रिटनच्या २०१८च्या सूचनांनुसार तर ५ वर्षांखालच्या मुलाला औषध द्यायचं झालं तर लहान मुलांमधल्या एडीएचडीचा अनुभव असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यावं लागतं.

आणि त्या प्रशिक्षणातल्या पुष्कळ गोष्टी तारीख मिळेपर्यंत घरीच सुरू करता येतात. लांबून ओरडून सांगू नका, जवळ जा, गुडघ्यावर बसा, एकच सूचना द्या. 'पळू नको' ऐवजी 'भिंतीला हात लावून चाल' असं करण्यासारखं काहीतरी सांगा. जमलं की त्याच क्षणी नेमकं सांगा: "हाक मारली आणि तू वळलास." संध्याकाळी केलेलं कौतुक या मुलांपर्यंत पोहोचत नाही, तोवर सकाळ फार लांब गेलेली असते. दिवसातून भरपूर पळू द्या, आणि त्यानंतरच बसायचं काम ठेवा. त्या चड्डी पकडणाऱ्या मुलासाठी मी जमिनीवर खडूने दोन पावलं काढली. खंजिरी थांबली की तो धावत येऊन त्या पावलांवर उभा राहायचा. मग काही दिवस खंजिरी त्याच्याच हातात दिली. थांबायचं कधी हे स्वतः ठरवताना त्याचं अंगही थांबायला लागलं, आधी एक सेकंद, दिवाळीनंतर तीन. तपासणीत त्याचं एडीएचडीचं निदान झालंच. खडूच्या पावलांनी ते टळणार नव्हतं. पण वर्गातल्या मुलांनी त्याला तोवर आपल्यात घेतलं होतं.

तपासणीला नेण्याआधी मुलाला सांगा, आणि त्याच्या डोक्यावरून त्याच्याबद्दल बोलू नका, कारण ही मुलं ऐकत नाहीत असं वाटतं तेव्हाही सगळं ऐकत असतात. 'डॉक्टर तुला शहाणं करणार' असं म्हणू नका. त्या मुलाच्या आईने म्हटलं होतं, "थांबायला तुला जड जातं ना, ते सोपं कसं करायचं हे आपण विचारायला चाललोय." त्याने फक्त एकच विचारलं, "सुई आहे?" पहिल्या भेटीत बहुतेक बोलणं आणि खेळणंच असतं. पण रक्त तपासायचं ठरलं तर ते त्याला आधी सांगा, आणि खरं सांगा.